डाव्या गालाआड

सुई ओवायला मुंजाजी तिच्या अगदी जवळ वाकला आणि जनकाचं तोंड आपोआप बाजूला वळलं. रविवारची दुपार होती. दोघांच्या लेकीच्या, विशाखाच्या, शाळेच्या फ्रॉकची शिवण उसवली होती आणि दोनदा प्रयत्न करूनही दोरा नेढ्यातून जात नव्हता, म्हणून 'आण इकडं' म्हणत तो शेजारी येऊन बसला होता. दोरा ओठांत ओला करून त्यानं श्वास सोडला, तो थेट तिच्या गालावर आला. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, दोरा नेढ्याच्या आजूबाजूनं जात होता, आणि त्या नादात तिचं वळणं त्याला दिसलं नाही. "हा डोळा बघ कसा गळून राहिला," तो म्हणाला. "भुसा गेला असंल." ती "हं" म्हणाली आणि कोनाड्यात काहीतरी शोधायचं निमित्त करून उठली. कोनाड्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. मिठाच्या बरणीचं झाकण तिनं उघडलं आणि पुन्हा लावलं.

वास ओळखीचा होता, म्हणूनच ती घाबरली. तिच्या माहेरी, हट्टा गावात, वस्तीच्या खालच्या अंगाला ओढा होता आणि गावात मेलेलं जनावर तिथं ओढून आणायचं काम तिच्या घराकडं होतं. बाप जळबा आणि दोघं-तिघं भाऊबंद पायाला दोर बांधून बैल ओढायचे, आई विळा घेऊन मागं जायची, आणि लहानगी जनका आईचा पदर धरून. वास ओढ्यावर राहत नसे. तो घरी येई, वाकळेत शिरे, केसांत बसे. शाळेच्या वाटेवर वरच्या आळीतली पोरं नाकाला सदरा लावून पळत, आणि जनका स्वतःचा हात हुंगून बघे तर तिला काहीच कळत नसे, कारण तिचं नाक त्या वासात वाढलेलं. ती बारा वर्षांची असताना बाप नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला, आणि आल्यावर चावडीसमोर उभं राहून म्हणाला की आजपासून आमी जनावर ओढणार न्हाई. त्या वर्षी गावानं त्यांची ज्वारी बंद केली. आईनं रानातल्या तरोट्याची भाजी शिजवून दिवस काढले, पण घर आठवड्यातून दोनदा सारवलं. मग एक दिवस शाळेतून घरी येताना दारातच जनकाला जाणवलं की घराला मातीचा वास येतोय, नुसता मातीचा, आणि ती रडली होती. त्यानंतरचं तिचं सगळं आयुष्य, परभणीचं ट्रेनिंग, हिंगोलीच्या शाळेतली नोकरी, तिथल्या रिसाला आळीतल्या या दोन खोल्या, दर शनिवारी फरशीवर ओतलेलं फिनेल, हे सगळं त्या दारापासून इकडं आलेलं होतं. आणि मुंजाजी आला होता तो सागवानाचा वास घेऊन. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो वखारीतून आला की ती त्याच्या सदऱ्याच्या कॉलरमधला भुसा झटकायच्या आधी नाक लावून ठेवायची. तो लाजायचा. "आंघोळ तरी करू दे," म्हणायचा. त्या माणसाच्या तोंडाला ओढ्यावरचा वास येत होता.

तिनं स्वतःची समजूत घालून पाहिली. दात किडला असेल. सर्दी मुरली असेल. गेल्या थंडीपासून त्याची डावी नाकपुडी बंदच होती, आणि बाजारातल्या डॉक्टरानं सायनस म्हणून नाकात घालायचे थेंब दिले होते. तिनं त्याला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, लवंग चघळायला दिली. "लवंग काहून?" त्यानं विचारलं. "सर्दीला बरी असते." तो मुकाट्यानं चघळायचा. त्याचे रुमाल ती वेगळे धुवायला लागली. एका रुमालावर तांबूस डाग होता. सागाचा रंग असेल, असं ती मनात म्हणाली आणि साबण लावून घासत राहिली, आणि घासताना तिला पक्कं ठाऊक होतं की सागाचा रंग असा कडेला पिवळा होत नाही. मग एका सकाळी ती अंगणातून आत आली तर घरभर करपलेल्या दुधाचा धूर होता आणि मुंजाजी चुलीपासून दोन हातांवर रंध्याचं पातं घासत बसला होता. "अहो, दूध!" ती ओरडली. त्यानं मान वर केली, धुराकडं पाहिलं आणि चकित होऊन म्हणाला, "करपलं व्हय?" त्याला वास येत नव्हता. कशाचाच येत नव्हता. म्हणजे आपल्या तोंडाशी काय आहे हे या माणसाला कधीच आपणहून कळणार नाही, ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागेल. पातेलं घासताना हे तिच्या डोक्यात आलं आणि तिनं राख जास्तच जोरात रगडली.

पोळा झाला आणि एका संध्याकाळी मुंजाजी वखारीतून आला तो डबा तसाच घेऊन. भाकरी मोडलेली नव्हती. "तातेराव आज दाराजवळ जाऊन बसला जेवायला," तो म्हणाला. तातेराव शिरड शहापूरचा, जातीचा सुतार. लाकडाच्या वखारीला लागून जो बाकं-टेबलांचा कारखाना होता तिथं दोघं अकरा वर्षं समोरासमोर काम करत आले होते आणि अकरा वर्षं एकाच फळीवर बसून जेवले होते. पहिल्या दिवशी तातेरावनं मुंजाजीच्या डब्यातली भाकरी मोडून घेतली तेव्हा बाकीच्या मिस्तऱ्यांच्या हातातले घास थांबले होते; ती गोष्ट मुंजाजीनं तिला तीनदा सांगितली होती, दर वेळी तेवढ्याच नवलानं. "काहून बसला तिकडं?" तिनं विचारलं. "म्हणतो, इथं वारा लागते. अकरा वर्षं न्हाई लागला वारा!" तो हात धुवायला गेला आणि तिकडूनच बोलत राहिला. "गावाकडून कोणीतरी कान भरले असतील. नाहीतर मनात होतंच, आता वर आलं. शेवटी ते ते आन् आपण आपण." जनका ताटात वरण वाढत होती. पळी ताटावर थांबली. तिला त्याच क्षणी कळलं होतं की तातेराव दाराजवळ का गेला. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "असंल काही. जेवा."

पुढं किती दिवस ती त्या 'असंल काही'शी भांडत होती. वर्गात पाढे म्हणून घेताना, फळा पुसताना, ती मनात वाक्य जुळवायची: अहो, तातेरावचं काही चुकलं न्हाई, तुमच्या तोंडाला... आणि तिथं अडायचं. कारण पुढचे शब्द तिचे नव्हते. ते वरच्या आळीतल्या पोरांचे होते, सदरा नाकाला लावून पळणाऱ्या. ते तिनं आपल्या घरात, आपल्या तोंडानं, आपल्या माणसाला कसे म्हणायचे? तातेरावनं जात काढली, हे मुंजाजी सोसू शकत होता. त्याची त्याला सवय होती, त्यावर चिडता येत होतं, चिडून रंधा जोरात मारता येत होता. हे दुसरं त्याला सोसवलं नसतं. असं ती स्वतःला सांगायची. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, तिकडं ती फार वेळ बघत नसे: बोललं की ते खरं होईल, आणि खरं झालं की ते काय आहे हे शोधावं लागेल. तेव्हा ती गप्प राहिली, आणि मुंजाजी रोज थोडा थोडा तातेरावपासून तुटत गेला. त्यानं आपलं कामाचं बाक कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पाण्याचा लोटा घरून न्यायला लागला. एकदा सगळ्यांसमोर तातेरावला काहीतरी बोलला. काय ते त्यानं घरी सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

एकदा तिनं धीर केला. "सरकारी दवाखान्यात चला एकदा," ती म्हणाली, "मोठ्या डॉक्टरला दाखवू." ते आणीबाणीचं वर्ष होतं. प्रत्येक शिक्षकानं नसबंदीच्या ऑपरेशनच्या दोन-दोन केसेस आणायच्या असा हुकूम निघाला होता, आणि शाळेतल्या बाया सुट्टीत तेवढंच बोलत. मुंजाजीनं आधी तिच्याकडं बघून हसून घेतलं. "कोटा पुरा करायला मीच घावलो का तुला?" मग त्याचं हसू गेलं. "खरंच म्हणून राहिली का? एका पोरीवर?" "तसं न्हाई हो, नाकासाठी..." "नाकाला थेंब हायेत माझ्याजवळ." तो उठून बाहेर गेला. त्याच्या मागं जाऊन त्याला अडवता आलं असतं. तिनं तोही गैरसमज तसाच राहू दिला, आणि तिला भयंकर वाटलं ते हे की आपल्याला सुटल्यासारखं झालं.

दिवाळीच्या सुमाराला त्याची डाव्या बाजूची वरची दाढ हलायला लागली. मोटार स्टँडजवळ एक दातवाला बसायचा, त्याच्याकडून ती काढून तो कागदात गुंडाळून घेऊन आला. "दुखलंच न्हाई," तो अभिमानानं म्हणाला. "नुसती हातात आली." चार दिवसांनी दाढी करताना त्याच्या गालावरून रक्ताचा ओघळ आला आणि तो आरशात स्वतःकडं बघत वस्तरा चालवतच राहिला. जनकानं जवळ जाऊन त्याच्या गालावर बोट ठेवलं. नाकाच्या बाजूला, हाडावर. "कळतं का?" "न्हाई." तिनं दाबलं. "आता?" "न्हाई. त्यानं सुन्न केलं व्हतं ना, दाढेच्या वक्ती." त्याला चार दिवस झाले होते. तिच्या बोटाखाली गालाचा तो भाग दुसऱ्या गालापेक्षा भरलेला लागत होता, पाव गरम पाण्यात बुडवल्यासारखा. तिनं बोट काढलं आणि पदराला पुसलं, आणि पुसलं म्हणून लाजली.

मग ती सकाळ आली. मुंजाजी बशीतून चहा पीत होता, विशाखा समोर बसून नकाशात रंग भरत होती. एक घोट त्यानं गिळला आणि चहा डाव्या नाकपुडीतून सरळ खाली आला, धार लागून, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. विशाखा खळखळून हसली. मग तिनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि तिच्या तोंडावरचं हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. मुंजाजीनं बशी खाली ठेवली. जीभ आत फिरवून तो दाढेची जागा चाचपत होता. "भोक हाय," तो हळूच म्हणाला. "वर भोक पडलंय, जनका." जनकानं विशाखाला शेजारच्या पद्माबाईंकडं पाठवलं, दार लोटलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. आता वाक्य जुळवायचं राहिलंच नव्हतं. "तुमच्या तोंडाला वास येतो," ती म्हणाली. "नासल्यासारखा. लई दिवस झाले." त्यानं मान वर केली. "कधीपासून?" "पोळ्याच्या आधीपासून." तो काहीतरी मोजत होता. त्याचे ओठ हलत होते. "म्हणजे तातेराव..." "व्हय." "तुला ठाऊक व्हतं?" "व्हय." त्यानं ओल्या सदऱ्याची कड मुठीत धरली. तो ओरडेल असं तिला वाटलं, तो ओरडला तर बरं होईल असंही वाटलं. पण तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "त्याच्या पोरीचं लग्न झालं मागल्या आठवड्यात. घरी येऊन पत्रिका देऊन गेला व्हता. मी गेलो न्हाई, जनका."

त्या दुपारी शाळा सुटल्यावर ती वखारीच्या रस्त्यावर उभी राहिली. तातेराव सायकल हातात धरून चालत आला. उंच, वाकलेला, भुवयांवर भुसा. तिला बघून तो थांबला आणि कुठं बघावं हे त्याला कळेना. "भाऊजी, यांच्या नाकात काहीतरी वंगाळ निघालंय," ती म्हणाली. "मंगळवारी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेते." तातेरावनं सायकलचा ब्रेक दोनदा दाबला, सोडला. "वहिनी, मी दोनदा बोलायला गेलो व्हतो. पण कसं बोलावं? मी म्हणलो असतो तुझा वास येते, तर त्यानं काय ऐकलं असतं? मपल्या तोंडातून त्याला दुसरंच ऐकू आलं असतं." "तरी सांगायला पायजे होतं," ती म्हणाली, आणि आपला आवाज चढला हे तिला जाणवलं. तातेराव तिच्याकडं सरळ बघत म्हणाला, "तुमी सांगितलं का?" रस्त्यानं लाकडं भरलेली बैलगाडी गेली. तातेरावनं सायकल कडेला घेतली. "मंगळवारी सकाळची मोटार ना?" तो मग म्हणाला. "मी बी येतो. नागपुरात एकट्या बाईमाणसाचं काम न्हाई. त्याला आधी सांगू नका."

मोटारीत मुंजाजी खिडकीशी बसला होता, अर्ध्या तोंडाला मफलर गुंडाळून. तातेराव दोन बाकं मागं. मुंजाजीनं त्याला चढताना पाहिलं होतं आणि मान खिडकीकडं वळवली होती. कनेरगाव नाक्यावर मोटार चहाला थांबली तेव्हा सगळे उतरले, हे दोघं बसूनच राहिले, आणि तातेराव बाहेरून खिडकीखाली येऊन उभा राहिला. हातात पाण्याचा तांब्या होता. "घे," तो म्हणाला. मुंजाजीनं मफलर सोडला, मान उजवीकडं कलती करून, नाक दाबून, घोट घोट पाणी प्याला. थोडं सांडलं. तातेराव जागेवरून हलला नाही. तांब्या परत देताना मुंजाजीनं विचारलं, "पोरगी बरी हाय?" "बरी हाय. मांडवपरतणीला येऊन गेली." "जावई?" "तो बी बराबर हाय." एवढंच. कंडक्टरनं घंटी वाजवली. जनका समोरच्या पत्र्याकडं बघत बसली होती. आपण या दोघांच्या मधे दोन महिने एक भिंत उभी ठेवली, आणि ती पडायला तांब्याभर पाणी लागलं. हे समाधान वाटण्यासारखं होतं, पण तिला त्यातली नुसती तारीख दिसत होती. पोळा ते दिवाळी. पोळा ते दिवाळी.

नागपूर तिनं कधी पाहिलं नव्हतं, फक्त बापाच्या तोंडून ऐकलं होतं. बापाच्या नागपुरात पांढऱ्या कपड्यांतली माणसंच माणसं होती. तिच्या नागपुरात एक लांब व्हरांडा होता, बाकं होती आणि बाकांवर तोंडं बांधलेली माणसं. कपाळावर गोल आरसा लावलेला डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्यानं नाकात बघितलं, टाळूवर बोट फिरवलं, गालावर टाचणी टोचून विचारलं, एक्सरे काढले, दाढेच्या भोकातून मांसाचा कण काढून तपासायला पाठवला. चार दिवसांनी त्यानं तिघांना बसवून एक्सरे उजेडासमोर धरला. "प्रत्येकाच्या गालाच्या हाडात अशी पोकळी असते," त्यानं पेन्सिलीनं दाखवलं. "दोन्ही बाजूंना. रिकामी, हवेची. ही उजवी बघा, काळी दिसते. ही डावी पांढरी आहे. म्हणजे भरली आहे. कॅन्सर आहे. या जागेचा त्रास असा की आत मोकळी जागा असते, म्हणून तो गपचूप वाढत राहतो. सर्दी वाटते, दात हलतो, डोळा गळतो. हाड फोडून बाहेर येतो तेव्हा कळतं." त्यानं ओळ दाखवली, जिथं डाव्या बाजूचं हाड संपल्यासारखं दिसत होतं. जनका त्या पांढऱ्या जागेकडं बघत होती. ज्या गालावर तिनं इतकी वर्षं ओठ ठेवले त्याच्या आत एक खोली होती, हे तिला कधी माहीतच नव्हतं. "काम काय करतात?" डॉक्टरनं विचारलं. "सुतारकाम," मुंजाजी म्हणाला. "एकवीस वर्षं झाली. बाकं, दारं." डॉक्टरनं क्षणभर थांबून पेन्सिल खाली ठेवली. "परदेशात सुतारांमधे हा आजार जास्त आढळतो असं वाचलंय. लाकडाच्या धुळीमुळं. यांना त्यानंच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या धुळीत परत जाऊ नये." मुंजाजीनं तातेरावकडं पाहिलं. तातेरावचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडं गेला होता, तो त्यानं मांडीवर परत ठेवला. जनकाला त्या कॉलरची आठवण आली, तिच्यातल्या भुशाची, आणि तिनं ती आठवण तिथंच दाबून टाकली.

बाहेर आल्यावर ती एकटीच परत आत गेली. "डॉक्टर, मला तीन महिने आधी कळलं होतं," ती म्हणाली. "वास येत होता. मी बोलले नाही. तेव्हा आणलं असतं तर?" डॉक्टर कागद लिहीत होता. तो थांबला. त्याला खोटं बोलणं सोपं गेलं असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "फरक पडला असता की नाही, हे मला सांगता येणार नाही, बाई," तो म्हणाला. हे वाक्य तिनं घेतलं आणि ती निघाली. ते वाक्य होही म्हणत नव्हतं आणि नाहीही म्हणत नव्हतं. पुढं कित्येक दिवस ते तिच्या आत कुठं टेकतच नव्हतं.

ऑपरेशनला सहा तास लागले. डोळा राहील की जाईल हे आत गेल्यावर ठरणार होतं. व्हरांड्यात तातेराव तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता, बिडी ओढायला बाहेर जात होता, न ओढताच परत येत होता. जनका डोळे मिटायला घाबरत होती, कारण मिटले की तिला पेन्सिल दिसत होती, हाडाच्या ओळीवरून फिरणारी. वरचा जबडा अर्धा काढणार, टाळूचा डावा भाग काढणार, ओठापासून नाकाच्या कडेनं चीर देणार. डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं होतं. समजल्यानं भीती कमी होते असं ती वर्गातल्या पोरांना सांगत आली होती. विजेचं, ग्रहणाचं, सापाचं. इथं जेवढं समजत गेलं तेवढी भीतीला बसायला जागा मिळत गेली. संध्याकाळी परिचारिका आली आणि म्हणाली, डोळा वाचला. तातेराव उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पुढं पाच आठवडे किरणांचे शेक होते, मोठ्या यंत्राखाली. गालाची कातडी काळी पडली, अन्नाची चव गेली. दातांच्या विभागात मुंजाजीला टाळूची प्लेट करून दिली, ती घातली की तो बोलू शके, गिळू शके. काढली की त्याचा प्रत्येक शब्द नाकातून वाऱ्यासारखा निघून जाई आणि विशाखाला तो कळत नसे. माघ संपताना ते हिंगोलीला आले. चेहऱ्याची डावी बाजू आत बसली होती, डोळा थोडा खाली ओढलेला. पहिल्या दिवशी आळीतली माणसं भेटायला आली, दुसऱ्या दिवशी कमी आली. विशाखा आठवडाभर बापाच्या उजव्या बाजूलाच बसत होती, मग एके दिवशी डावीकडं बसली आणि त्यानंतर तिला त्याचं काही वाटेनासं झालं. वखारीतल्या धुळीत त्याला परत जाता येणार नव्हतं. तातेरावनं खटपट करून त्याला कारखान्याच्या मोजमापाचं काम मिळवून दिलं, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत, भुशापासून लांब, आणि स्वतः तोंडाला पंचा बांधून रंधा मारायला लागला. बाकीचे मिस्तरी त्याला हसले. त्यानं पंचा सोडला नाही.

डॉक्टरनं जनकाला एक काम दिलं होतं. रोज सकाळी प्लेट काढायची, कोमट मिठाच्या पाण्यानं आतली पोकळी धुवायची आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. "तुम्हीच बघायचं," तो म्हणाला होता. "त्यांना दिसत नाही. गाठ, रक्त, पांढरं, नवीन काहीही दिसलं तर थांबायचं नाही." पहिल्या दिवशी तिनं बॅटरी तोंडाशी नेली आणि उजेड आत पडला. तोंड संपतं तिथं ते संपलं नव्हतं. वर एक लाल, ओली गुहा होती, थेट डोळ्याच्या खालपर्यंत, आणि ती श्वासाबरोबर किंचित हलत होती. आपल्या माणसाच्या इतक्या आत कुणी बघायचं नसतं असं तिला वाटलं. मुंजाजी डोळे मिटून बसला होता, गुडघ्यांवर तळवे उताणे ठेवून. मग सवय झाली. सवय हाताला झाली. भीती तशीच रोज सकाळी बॅटरीच्या बटणाबरोबर पेटत राहिली. धुऊन झालं की तो मान हलवून विचारी, म्हणजे काय दिसतं? आणि ती सांगे, "लाल आहे. ओलं आहे. साफ आहे." तीन वाक्यं. ती झाल्याशिवाय तो प्लेट घालत नसे.

चैत्रात निवडणुका होऊन गेल्या होत्या, शाळेत केसेसचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि दोनदा नागपूरला जाऊन ते दोनदा बरी बातमी घेऊन आले होते. एका सकाळी तिनं उजेड वर नेला आणि डोळ्याच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, तिला एक ठिपका दिसला. पांढरट. काल नव्हता. तिनं पुन्हा पाणी सोडलं. तो तसाच. बॅटरी तिरपी केली, सरळ केली, ठिपका तिथंच. मुंजाजीनं मान हलवली. काय दिसतं? तीन वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती, रोजच्या रोज घासून गुळगुळीत झालेली, आणि ती बोलली असती तर आजचा दिवस नेहमीसारखा गेला असता. विशाखा शाळेत गेली असती. संध्याकाळी तातेराव आला असता. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. "काहीतरी दिसून राहिलं," ती म्हणाली. मुंजाजीनं डोळे उघडले. त्यानं बोटानं विचारलं, केवढं? "ज्वारीच्या दाण्याएवढं. पांढरं." त्यानं प्लेट उचलली, घातली, नीट बसली का ते जिभेनं पाहिलं, आणि मगच बोलला. "आठची गाडी भेटंल," तो म्हणाला. "विशाखाला पद्माबाईकडं ठेव."

आठची मोटार मिळाली. जनका वाटेतले मैलाचे दगड वाचत होती आणि एकही आकडा तिच्या लक्षात राहत नव्हता. तिनं या वेळी एक दिवसही घालवला नव्हता, एक तासही नाही, पण त्यानं काय होणार होतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत वाढणारी गोष्ट कुणाच्या बोलण्याची वाट बघत नसते. मुंजाजी खिडकीतून शेतं बघत होता, कापणी झालेली, रिकामी. वाशीमच्या पुढं त्यानं तिचा हात धरला. भर मोटारीत, लोकांसमोर, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, पहिल्यांदाच.

रात्र त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली आणि सकाळी तोच डॉक्टर आला. त्यानं आरसा कपाळावर ओढला, मुंजाजीनं प्लेट काढून हातात धरली. डॉक्टरनं आत बघितलं. जनका डॉक्टरच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या भुवया जवळ आल्या, मग तो चिमटा मागण्यासाठी न वळता हात मागं करून थांबला, परिचारिकेनं चिमटा दिला. आत काहीतरी खुटकलं. चिमटा बाहेर आला आणि डॉक्टरनं त्याच्या टोकावरचं ते पांढरं गॉजवर ठेवून उजेडात धरलं, बोटानं चुरडलं. ते भुरभुरलं. "खपली आहे," तो म्हणाला. "सुकलेली. शेक दिलेल्या जागेला धरते कधीकधी. खाली कातडी चांगली आहे. काही नाही." मुंजाजीचे खांदे खाली आले. तो हसायला लागला. प्लेट हातात होती, त्यामुळं हसण्याला आवाज नव्हता, नुसती हवा येत-जात होती, आणि उजव्या डोळ्यातून पाणी. परिचारिकाही हसली. "एवढ्या लांबून आलात," डॉक्टर म्हणाला, "पण बरं केलंत." त्यानं आरसा वर सारला.

जनका जागची हलली नव्हती. "पुन्हा एकदा बघा," ती म्हणाली.

"बाई, मी बघितलं. नीट बघितलं."

"व्हय. पुन्हा एकदा बघा."

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं, बाहेर लागलेल्या रांगेकडं पाहिलं, आणि आरसा परत खाली ओढला. मुंजाजीनं हसणं थांबवलं आणि तोंड उघडलं.